श्रीक्षेत्र नेटवर्क

अठरा एप्रिल. कुरडयांचा चीक शिजवायचा दिवस.

गहू भिजत घालून मी बुलडाण्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेले होते आणि रोज पाणी बदलायचं काम नवऱ्यावर सोपवलं होतं. एक दिवस तो विसरला, हे वासावरून कळलं. आदल्या संध्याकाळी परत आल्याबरोबर गहू वाटले, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवला, आणि सकाळी वरचं पाणी ओतून देऊन आधण ठेवलं. चीक आधणात पडला की हात थांबवता येत नाही. थांबला की गाठी.

नेमका तेव्हाच माझा मोबाइल वाजला. नवऱ्यानं तो माझ्या कानाला लावून धरला. फोन सोनाळ्याहून होता. तिथं माझी आत्या राहायची, आणि बोलत होत्या तिच्या समोरच्या घरातल्या काकू.

"भाचीबाई, आल्या का क्षेत्राहून?"

मी विचारलं, कोणत्या क्षेत्राहून.

"आता आमच्यापासून काय लपवता? मावंदं कवा हाय तेवढं सांगा, म्हंजे..."

इथं आवाज तुटला. नेटवर्क गेलं.

मावंदं म्हणजे काशीयात्रा करून आलेल्या माणसानं गावाला घालायचं जेवण. मी बुलडाण्याहून आले होते.

नवऱ्याला सांगितलं, आत्याला फोन लाव. त्यानं लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. तेव्हा मात्र माझा हात एका जागी थांबला आणि व्हायच्या त्या गाठी झाल्या. आत्या फोन उचलत नाही असं कधी झालं नव्हतं. आदल्या दिवाळीत मीच तिला तो मोबाइल घेऊन दिला होता. बटणं मोठी, रंग लाल. तो ती कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत "बोल" म्हणायची. त्यात एकच नंबर भरलेला होता, माझा. दोनचं बटण दाबून धरायचं, एवढं मी तिला शिकवलं होतं. नवऱ्याचा नंबरही भरून देते म्हटलं तर तिनं नको म्हटलं. जावयाला बायकांनी फोन लावायचा नसतो, असा तिचा नियम.

कुरडया घातल्या. चीक टाकून जाता येत नाही आणि टाकूनही काही साधलं नसतं, सोनाळ्याची गाडी काही माझ्यासाठी लवकर सुटणार नव्हती. गच्चीवर बाजेवर कागद अंथरून शेवटचा सोऱ्या संपवला, हात धुतले, पिशवीत एक साडी टाकली. नवऱ्याला चिमण्या हाकलायला बसवलं. तो म्हणाला, "काशीला जाऊन आलीस आणि घरात पत्ता नाही." मी म्हटलं, आल्यावर बोलू.

मलकापूरहून सोनाळ्याला जायचं म्हणजे गाडी बदलत जायचं. एप्रिलच्या दुपारी एसटीच्या खिडकीतून येणारी हवा भट्टीची असते, तरी खिडकी बंद करवत नाही. वाटेत दोनदा फोन लावून पाहिला. एकदा वाजला, एकदा ती बाई बोलली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता वगैरे. मी पुरतं ऐकलंही नाही. ऐकलं असतं तर सोनाळ्याला पोचायच्या आधीच सगळा उलगडा झाला असता.

याच रस्त्यानं मी लहानपणी दर उन्हाळ्यात आत्याकडे जात असे. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. घर, मागची चिंच आणि थोडं शेत एवढं तिच्याकडे राहिलं. वडील मला परीक्षा संपली की तिच्याकडे सोडत आणि शाळा उघडायच्या आधी घेऊन जात. मधल्या काळात पत्र नाही, तार नाही, फोन तर ऐकूनच माहीत. तरी मला ताप आला तर दुसऱ्या दिवशी आईला मलकापुरात कळायचं, आणि तिनं पाठवलेली औषधाची पुडी तिसऱ्या दिवशी माझ्या उशाशी यायची. हे कसं व्हायचं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. आत्या दुपारी एसटीच्या थांब्यावर जायची आणि चढणाऱ्या माणसांकडे पाहायची. ओळखीचं कोणी मलकापूरला निघालेलं असलं तर ठीक. नसलं तर नांदुऱ्यापर्यंत जाणारं कोणी बघायचं आणि त्याला सांगायचं, अमक्या दुकानात सांगजा, ते पुढं सांगतील. निरोप सांगून झाला की ती त्या माणसाकडून तो परत म्हणवून घ्यायची. शाळेत आम्ही पाढे म्हणवून घेतो तसा. निरोपात फरक पडलेला चालायचा नाही.

एकदा एकानं वाटेत निरोप विसरून "पोरगी बरी आहे" एवढंच सांगितलं. आईला त्यावरून उलट शंका आली की पोरीला काही झालं होतं की काय, आणि वडील पहिल्या गाडीनं हजर. मी चिंचेवर होते. आत्या त्या माणसाशी दोन आठवडी बाजार होईपर्यंत बोलली नाही.

आता याला सगळे नेटवर्क म्हणतात. त्या प्रशिक्षणातही एका साहेबांनी आम्हाला तासभर सांगितलं होतं की शिक्षकांनी पालकांशी आपलं नेटवर्क उभं करावं. ज्या मंगल कार्यालयात ते सांगत होते आणि आम्ही रात्री झोपत होतो ते टेकडीच्या खाली होतं, आणि तिथं कोणाच्याही मोबाइलला रेंज नव्हती. बायका जेवणाच्या सुट्टीत ताटं हातात घेऊन वर रस्त्यावर जायच्या, घरी बोलायच्या. मी गेले नाही. घरी गव्हाचं पाणी सोडून बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्यातली एक बाई तिथं साबण विकत होती. तेही नेटवर्कच. तिच्याखाली मी, माझ्याखाली आणखी दोघी. मी म्हटलं, मला माझाच साबण पुरतो. शासनाच्या एका कागदावर मी याला संजाल म्हटलेलं वाचलं आहे. तो शब्द मी वर्गात एकदा वापरून पाहिला. पोरांना वाटलं कोळ्याबद्दल चाललंय.

सोनाळ्याला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. आत्या ओसरीत बसून चिंचोके काढत होती. मी दारात उभी राहिले तरी मान वर केली नाही. जिवंत आहे आणि धडधाकट आहे, हे पाहून माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला.

"फोन काऊन नाही उचलला?"

"फोनाचं काय घेऊन बसली," ती चिंचेशीच बोलली. "मोठे लोक तुमी. क्षेत्राले जाता, गंगेत न्हाता. आमाले सांगाचं काय काम."

"कोन गेलं क्षेत्राले?"

"मी काई तुह्या मांडीवर बसून येनार नव्हती. निसतं सांगितलं असतं, का आत्या, मी जाऊन राह्यली. मी का तुले अडवलं असतं?"

मी पिशवी खाली ठेवली, माठातलं पाणी घेतलं, तिच्यासमोर बसले आणि तुला हे कोणी सांगितलं असं विचारलं. ती म्हणाली, फोनातल्या बाईनं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी बुलडाण्याला असताना आत्यानं दोनचं बटण दाबून धरलं होतं. मी बोलले नाही, दुसरीच बाई बोलली. अगदी शुद्ध, पोथी वाचल्यासारखी. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आत्यानं दुसऱ्या दिवशीही लावला, पुन्हा तेच. क्षेत्र म्हणजे तिच्या लेखी एकच, जिथं देव असतो आणि नदी असते. बाहेर म्हणजे बाहेरगावी. भाची बाहेरगावी गेली आहे, नेटवर्क क्षेत्राला. इतकं स्पष्ट सांगितल्यावर शंका कशाची घ्यायची? नेटवर्क हे क्षेत्र कुठं आलं, एवढाच प्रश्न होता. तो तिनं समोरच्या काकूंना विचारला, कारण काकू यात्रा कंपनीच्या गाडीतून चार ठिकाणं फिरून आल्या होत्या. काकूंनी विचार करून सांगितलं की हे बद्री-केदारच्या वरच्या अंगाला असणार, आपल्याकडचं नाव वाटत नाही. आणि एवढ्या लांब गेलेलं माणूस काशी केल्याशिवाय परत येत नाही.

मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण आत्या रडायच्या बेतात होती आणि ती रडणारी बाई नव्हती.

मी सांगितलं, मी बुलडाण्यात होते. रेंज नव्हती. नेटवर्क म्हणजे देव नाही, मोबाइलचं जे येतं-जातं ते. त्याच्या क्षेत्राबाहेर म्हणजे जिथं फोन पोचत नाही तिथं.

"बुलडाणं?"

"हाव."

"घाटावरचं?"

"तेच."

मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही. चिंचोका बोटांत धरूनच म्हणाली, "मंग आता?"

"आता काय?"

"सांजच्याले बाया येऊन राह्यल्या तुह्या पाया पडाले. सकाऊन तुहा फोन वाजला तवा समजलं तू परत आली, आज-उद्या इथं येशीन म्हणून मीच सांगितलं."

हे सोपं होतं, मी म्हटलं, सांगून टाकू. ती म्हणाली, ते नाही. खरी अडचण तिनं दाराकडे बघत सांगितली. काकू यात्रा करून आल्यापासून तिला दर दोन दिवसांनी विचारत असत, तुमची भाची तुमाले कवा नेते? त्यामुळे मी क्षेत्राला गेले ही बातमी गल्लीत गेली तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुमाले काऊन नाही नेलं? आत्यानं उत्तर दिलं होतं, तिनं मले इचारलं होतं, पाया पडून इचारलं, मीच नाही म्हटलं.

आता मी बुलडाण्याला गेले असले तर विचारलं कधी आणि नाही म्हटलं कधी?

गल्लीत राहणाऱ्या एकट्या बाईचं वजन किती, हे तिच्या घरावर किंवा शेतावर ठरत नाही. तिच्यामागं कोणी आहे का, यावर ठरतं. पाणी आलं की तिची घागर कितवी लागते, लग्नात तिला कुठं बसवतात, तिच्या भिंतीला लागून कोणी उकिरडा घालतं का, सगळं त्यावर. आत्यामागं मी होते. मी दिवाळीला येत होते, उन्हाळ्यात येत होते, लाल मोबाइल दिला होता. पण काकूंचा मुलगा काकूंना काशीला घेऊन गेला होता, आणि त्यापुढं लाल मोबाइल काहीच नव्हता.

मी म्हटलं, गप्प बसू आणि पाया पडू देऊ. मला यातलं काही कळतं असं नाही, पण बोलून पाहिलं. आत्यानं ताबडतोब मान हलवली.

"नाही. न गेलेल्या मानसाच्या पाया पडल्या तं त्यायचं पुण्य वाया जाईन आन तुले पाप लागंन. मी सांगतो खरं." ती कधी कधी अशी पुरुषासारखी बोलायची, निश्चय झाला की.

दिवेलागणीला बायका आल्या. सात-आठ असतील, काकू पुढं. हातात हळदीकुंकवाचे करंडे, एकीच्या हातात नारळ. मी उठून मागं सरकले. पहिली वाकायच्या आत आत्या मधे उभी राहिली आणि म्हणाली की बसा, पाया नका पडू, पोरगी बुलडाण्याहून आली आहे. त्या फोनातल्या बाईनं मला फसवलं.

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही आणि स्वतःला सोडलंही नाही. पोथीवाल्या बाईची नक्कल केली. नेटवर्क बद्री-केदारच्या वर आहे, हे कोणी सांगितलं तेवढं मात्र गाळलं. हे काकूंच्या लक्षात आलं असावं, कारण हसण्यात त्या जरा मागं होत्या. बाकीच्यांना हसू आवरेना. एकीनं विचारलं, मग तिथं नवस फेडतात की रिचार्ज मारतात? दुसरी म्हणाली, आमचे हे सकाळपासून नेटवर्काले गेलेले असतात, समोर बसले तरी ऐकू येत नाही.

तो शब्द त्या दिवसापासून सोनाळ्याच्या त्या गल्लीत राहिला. लक्ष नसलेल्या माणसाला "नेटवर्काले गेला का बे?" असं म्हणतात. आता गावात टॉवर झाला आहे, घराघरात तीन-तीन मोबाइल आहेत आणि कोणाचाच फोन क्षेत्राबाहेर जात नाही, पण परवा एका लग्नात तिथल्याच एका पोरीनं तिच्या भावाला असंच हटकलेलं मी ऐकलं. तिला हे कुठून आलं ते माहीत असणं शक्य नाही. आमच्या घरीही तो चालतो. पुढं काही वर्षांनी नवऱ्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन करायचं होतं, तेव्हा विमावाल्यांनी सांगितलं की नेटवर्कमधल्याच दवाखान्यात जा. आत्या तेव्हा होती. ती म्हणाली, बरं झालं, निदान तिथून फोन तरी लागंन. ती आता नाही. तिच्यासारखा निरोप परत म्हणवून घेणारं आमच्यात कोणी उरलं नाही. पोरं मेसेज टाकतात, दोन निळ्या खुणा आल्या की काम झालं समजतात. निरोप पोचलेला असतो, हे मलाही मान्य आहे.

त्या संध्याकाळी मात्र हसणं संपत आलं तसं मला काकूंकडे बघायचा धीर होईना. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं, पदर सारखा केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हंजे क्षेत्राले जायाचं काई होतंच नाही. मंग तिनं इचारलं आन तुमी नाही म्हटलं, ते कवा?"

कोणाच्या लक्षात नव्हतं असं नाही. विचारायचं कोणी, एवढंच बाकी होतं. काकू वाईट बाई नव्हत्या. आत्याला ताप आला तर भाकरी त्याच आणून द्यायच्या. पण हिशेब पुरा केल्याशिवाय त्यांना उठवत नसे.

मी शिक्षिका आहे. पोरांनी खोटं सांगितलेलं मला दारातून कळतं आणि मी ते चालू देत नाही. ओसरीच्या पायरीवर उभं राहून मी काकूंना म्हटलं, "इचारलं होतं काकू. दिवाळीतच इचारलं होतं. ते नाहीच म्हनते. म्हनून आता इचारनार नाही, सरळ नेऊन राह्यली."

"कोठी?"

"काशीले. शाळेले सुट्ट्या लागल्या का."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. मी दिवाळीत विचारलं नव्हतं, हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असावं. वीस वर्षं त्या मला पाहत होत्या. पण मुद्दा आता तो राहिला नव्हता. त्या म्हणाल्या, मे महिन्यात तिकडे फार तापतं, सांभाळून न्या, आणि रात्रीसाठी साखळी-कुलूप घेऊन जा, सामान बांधून ठेवायला. मग दहा मिनिटं त्यांनी आम्हाला कुठल्या घाटावर पायऱ्या निसरड्या आहेत ते सांगितलं. त्या खूश दिसत होत्या. आपण गेलेल्या जागेबद्दल सांगायला कोणी मिळालं की माणूस खूश होतोच.

बायका गेल्या. नारळ ज्या बाईचा होता तिला तो परत न्यायला लाज वाटली म्हणून ओसरीतच राहिला. आत्यानं चिंचेचा पसारा आवरला, भाकरीचं पीठ काढलं. मी चूल पेटवली. मी मनात सुट्ट्यांचा आणि नवऱ्याच्या जेवणाचा विचार करत होते. शेवटी भाकरी तव्यावर टाकताना ती म्हणाली, "तू बायायसमोर बोलली म्हनून न्याचंच असं काई नाही. माहे गुडघे कोठी चालतात?"

मी म्हटलं, गाडीत बसायला गुडघे लागत नाहीत.

तिनं भाकरी उलटली. ती फुगली तशी कडेनं दाबली, पुन्हा फुगू दिली.

"मंग खिडकीपासची जागा घेजो," ती म्हणाली. "मधातली नको."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघाले. मलकापूरच्या स्टँडवर उतरून घरी न जाता तशीच पिशवी घेऊन रेल्वे स्टेशनवर गेले आणि रिझर्व्हेशनच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसानं सांगितलं की इथून थेट नाही, भुसावळला गाडी बदलावी लागेल. मी म्हटलं, चालेल, दोन द्या, त्यातली एक खालची, खिडकीजवळची.